कोळशाची खेळण्यातली वाघीण

गेल्या महिन्यात माळा आवरताना बाबांच्या आवडीचं खोकं सापडलं. लायनेल कंपनीची ३४६९ क्रमांकाची कोळशाची वाघीण. न्यू जर्सीला आलो त्या काळात एका गराज सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळाली होती. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होतो.

थोडा इतिहास. जोशुआ लायनेल कोवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली. पहिली विजेची गाडी मुलांसाठी नव्हतीच, दुकानाच्या काचेआड फिरून गिऱ्हाइकं खेचावीत म्हणून होती. लोक माल सोडून गाडीच मागायला लागले! पुढे कारखाना न्यू जर्सीतल्या हिलसाइडला गेला. १९३८ साली कंपनीने बटण दाबलं की कोळसा ओतणारी वाघीण आणि सोबत ९७ क्रमांकाचा कोळशाचा मनोरा आणला. मग महायुद्ध आलं. १९४२ ला खेळण्यातल्या गाड्या बंद झाल्या आणि कारखान्यात नौदलासाठी होकायंत्रं बनू लागली. युद्ध संपल्यावर १९४६ ला ३४५९ आली आणि १९४९ ते १९५५ पर्यंत तिची बहीण ३४६९.

आता ती चालते कशी? लायनेलच्या रुळात तीन पट्ट्या असतात, वीज मधल्या पट्टीतून येते. पण कोळसा ओतायचा तिथे आणखी दोन पट्ट्यांचा खास तुकडा बसवावा लागतो. वाघिणीच्या दोन्ही चाकजोड्यांखाली घसरपट्ट्या असतात. त्या या जादा पट्ट्यांवर टेकल्या आणि 'अनलोड'चं बटण दाबलं की वीज एका पट्टीतून गाडीतल्या तारेच्या वेटोळ्यात जाते आणि दुसरीतून परत येते. लोखंडी दांडा खेचला जातो, डबा कलंडतो, कोळसा कडेच्या पेटीत. यात मेख एकच, गाडी नेमकी तिथेच थांबायला हवी. चार बोटं पुढे गेली की नुसतं बटण दाबत बसा! माझी सुरुवातीला दोन दिवस चालेना. रुळ उखडून पाहिले, तारा बदलल्या. शेवटी घसरपट्ट्यांवरचा काजळ पुसला आणि चालली.

त्या वर्षी आई-बाबा आले होते. बाबा भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, हे नातेवाइकांना सांगायला नको. त्यांच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग आत्याला आठवत असेल. मी मोठ्या हौसेने त्यांना तळघरात नेलं, गाडी थांबवली, बटण दाबलं. कोळसा खळ्ळकन पेटीत. पेटीतून मनोऱ्याच्या साखळीवरून वर, मनोऱ्यातून पुन्हा वाघिणीत. दहा वेळा केलं असेल.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, पण हा जळतच नाही!"

मी हसलो, पण ते हसत नव्हते. फावडं मारून मारून त्यांची कंबर गेली होती. हे मला ठाऊक होतं, पण मी त्यांच्यासमोर बटण दाबून दाखवत होतो. मला ओशाळल्यासारखं झालं. पण तेच पुढे होऊन म्हणाले, "सरक. मला दाबू दे." आणि अर्धा तास दाबत बसले.

नंतर लक्षात आलं की १९४९ मध्ये हे खेळणं विकत घेणारे बापही बरेचसे असेच असणार. तेव्हा इथल्या कित्येक घरांच्या तळघरात कोळशाची भट्टी असे, आणि थंडीत पहाटे उठून ती भरायची. त्या बापाने पोराला बटणाने उतरणारा कोळसा आणून दिला. पोराच्या नशिबी फावडं नको, हेच त्यात असेल का?

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. वाघीण अजून चालते. परवा घसरपट्ट्या पुसून पाहिलं.

असो.