शंकरपट, पराणीची आर आणि नियमभंगाची मीमांसा

धान कापून झाले, चुरणे आटोपले, कोठ्या भरल्या, की सिंदेवाहीच्या आसपासच्या गावांतून बोलण्याचा विषय बदलतो. दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात आणि मागोमाग शंकरपटाचे. कोणत्या गावचा पट कधी, कोणाची जोडी येणार, रात्री नाटक कोणते, हे प्रश्न दोन वाक्यांत संपतात. मग उरतो तो खरा विषय: गेल्या वर्षी अमक्याची जोडी जिंकली ती खरी जिंकली का? धुरकऱ्याच्या मुठीत आर होती असे सांगणारे चार जण असतात, नव्हती असे शपथेवर सांगणारे चार. आणि पाचवा एखादा म्हातारा असा असतो की जो म्हणतो, आर होती, पण त्यात लबाडी कसली?

आम्हांला या पाचव्याचे म्हणणे सर्वांत महत्त्वाचे वाटते. या लेखाचे प्रयोजन तेच आहे. खेळातील कपटाविषयीच्या चर्चेकडे आपण सहसा चावडीवरची फावल्या वेळची बडबड म्हणून पाहतो. वस्तुतः एखादा समाज 'नियम' या गोष्टीचा अर्थ कसा लावतो, हे समजून घेण्याचे इतके चांगले साधन दुसरे क्वचितच सापडेल.

शंकराचे वाहन नंदी, म्हणून हा शंकरपट, असे सांगितले जाते. पूर्व विदर्भात त्याला नुसते 'पट' म्हणतात. भंडारा जिल्ह्यातील लाखनी, अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर या गावांचे पट सर्वपरिचित आहेत. तळेगावला तर स्त्रियाही छकड्यावर उभ्या राहून जोडी हाकतात. स्वरूप सगळीकडे सारखे नाही. कुठे एकेक जोडी घड्याळाविरुद्ध धावते आणि सेकंदाच्या अंशाअंशावर निकाल लागतो, कुठे दोन जोड्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवरून सुटतात. पश्चिम महाराष्ट्रात याच खेळाची भावंडे आहेत. जुन्नर, खेड, मावळ भागांत घाटातली बारी, सातारा-सांगलीकडे मोकळे मैदान. पण आपल्याकडचा पट आणि तिकडची बारी यांच्यात एक गोष्ट समान आहे. जिथे निकाल आहे तिथे निकालाविषयीचा संशयही आहे, आणि प्रेक्षकांना त्या संशयाचा बारीक अभ्यास असतो.

त्या अभ्यासाची खोली पाहण्यासारखी आहे. जोडी सोडणाऱ्याने इशाऱ्याच्या आधी हात सैल केला का? घड्याळ हातात धरणाऱ्याचा अंगठा कोणत्या गावचा? गावापुरत्या मर्यादित गटात बाहेरची, पटासाठीच पोसलेली जोडी दुसऱ्याच्या नावावर उतरवली का? पश्चिमेकडच्या मैदानांत 'आदत' म्हणजे कायमचे दात न आलेल्या वासरांचा गट वेगळा, 'दुसा' म्हणजे दोन दात आलेल्यांचा वेगळा. तेव्हा तिथे भांडण जबड्यापर्यंत जाते आणि जाणती माणसे बैलाचे ओठ वर करून न्याय करतात. याखेरीज शेपूट पिरगाळणे आहे, दातांनी चावणे आहे, पाजलेल्या दारूच्या कथा आहेत, अलीकडच्या काळात विजेच्या झटक्याचे यंत्र आहे. आणि सर्वांत जुनी ती पराणी, म्हणजे टोकाला लोखंडी आर बसवलेली काठी.

आता या यादीकडे नीट पाहिले, तर तिच्यात दोन निराळ्या जातीच्या गोष्टी एकत्र आल्या आहेत हे ध्यानात येते. लवकर सुटणे, खोटे घड्याळ, बदललेली जोडी, चोरलेले वय, ही प्रतिस्पर्ध्याची फसवणूक. आर, शेपूट, वीज, हा बैलावरचा आघात. जुन्या पंचांच्या हिशेबात पहिला प्रकार म्हणजे लबाडी. दुसरा प्रकार मात्र बराचसा 'हात' या शब्दात सामावून जाई. अमक्या धुरकऱ्याचा हात चांगला आहे, असे म्हणताना त्या हातात काय आहे ते कुणी विचारत नसे. दोन्ही धुरकऱ्यांच्या हातांत आर असेल, तर त्यात अन्याय कुठे झाला? म्हाताऱ्याचा युक्तिवाद हा असा आहे. तो सुसंगत आहे. आम्हीही लहानपणी धुरेवर उभे राहून त्या हाताचे कौतुक केले आहे, त्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो आहोत. जोडी परतल्यावर बैलांच्या पुठ्ठ्यावर काय दिसते, ते पाहायला आम्ही गेलो नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याच बैलांचे खांदे लोण्या-हळदीने शेकताना आम्हांला कुठलीही विसंगती जाणवली नव्हती. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्याही आम्हीच म्हटल्या होत्या.

साहित्याच्या अभ्यासकांना या ठिकाणी शल्यपर्व आठवावे. दुर्योधन आणि भीम यांच्या गदायुद्धात अर्जुन आपल्या मांडीवर थाप मारतो, भीमाला खूण पटते आणि गदा मांडीवर पडते. नाभीच्या खाली प्रहार करू नये, हा गदायुद्धाचा नियम. तीर्थयात्रेहून परतलेला बलराम दोघांचाही गुरू. तो संतापून नांगर उचलतो. कृष्ण त्याला आवरतो आणि कारणे सांगतो: भीमाने सभेत केलेली प्रतिज्ञा, मैत्रेयांचा शाप, आधी झालेले अधर्म. बलरामाचे समाधान होत नाही. भीम हा कपटाने लढणारा म्हणूनच ओळखला जाईल, असे सांगून तो द्वारकेला निघून जातो. या प्रसंगाची चर्चा बहुधा धर्म-अधर्माच्या अंगाने होते. आम्हांला त्यात एका जाणकार प्रेक्षकाचे दुःख दिसते. बलरामाला राज्य कोणाला मिळते याच्याशी कर्तव्य नाही. त्याचा खेळ बिघडला आहे. कृष्ण जे बोलतो ते सगळे खेळाबाहेरचे आहे, आणि म्हणूनच दोघांचा संवाद जुळत नाही. व्यासांनी तो जुळवण्याचा प्रयत्नही केलेला नाही. मांडी मोडलेला दुर्योधन मात्र दोघांच्याही बोलण्यात फारसा येत नाही.

क्रिकेटचा इतिहास याच वळणाने जातो. १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनीत विनू मांकड यांनी चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राऊनला धावचीत केले. त्याआधीच्या एका सामन्यात त्यांनी त्याला ताकीद देऊन, मग तसेच बाद केले होते. नियमाने ते पूर्णतः वैध होते आणि प्रतिस्पर्धी कर्णधार ब्रॅडमन यांनी आपल्या आत्मचरित्रात मांकडांची बाजूही घेतली. तरीही पुढची कित्येक दशके या कृतीला मांकडांचे नाव चिकटले ते शिवीसारखे. चोरून पुढे सरकणाऱ्या फलंदाजाचे नाव कशालाच चिकटले नाही, ही गंमत आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून क्रिकेटच्या नियमसंहितेत एवढेच घडले की, ही तरतूद 'अनुचित खेळ' या प्रकरणातून उचलून 'धावचीत' या प्रकरणात नेली गेली. कृती तीच, प्रकरण बदलले. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये जानेवारी २०१५ मध्ये चेंडूतली हवा कमी केल्याचे प्रकरण गाजले. दाब प्रति चौरस इंच १२.५ ते १३.५ पौंड असावा असा नियम. न्यू इंग्लंडचा संघ तो सामना ४५-७ असा जिंकला होता, तेव्हा हवेने काय फरक पडला, असे त्यांचे चाहते विचारत राहिले. टॉम ब्रॅडी या खेळाडूवरची चार सामन्यांची बंदी शेवटी २०१६ मध्ये अमलात आली. थंडीत वायूचा दाब किती उतरतो यावर तिथली सामान्य माणसे पदार्थविज्ञानाची पुस्तके काढून भांडली. आपल्याकडे बैलाचे दात मोजतात. वृत्ती एकच.

मात्र शंकरपटाचे प्रकरण या दोन्हींहून वेगळे झाले, ते एका कारणाने. इथे चर्चेत तिसरा पक्षकार आला.

११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रदर्शनास व खेळास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाची भर पडली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. बैल हा ओढकाम करणारा प्राणी, धावण्यासाठी त्याची शरीररचना नाही. तो धावतो तो भीतीने आणि वेदनेने, असे त्या निकालाचे सार. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर आंदोलन झाले, तामिळनाडूने कायदा दुरुस्त केला, महाराष्ट्रानेही त्याच वर्षी आपला दुरुस्ती कायदा आणि नियम केले. बैलाला वेदना दिल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद त्यात आली. पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले.

या बारा वर्षांचा इतिहास बहुधा 'बंदी आली, बंदी उठली' अशा दोन शब्दांत सांगितला जातो, आणि शहर विरुद्ध खेडे असा त्याचा तमाशा केला जातो. तो आम्हांला मान्य नाही. उठलेली बंदी आणि परतलेला पट या दोहोंमध्ये जुना पट हरवला आहे. नव्या नियमांनी काठी, चाबूक, आर, विजेचा झटका यांना सरसकट मनाई केली. म्हणजे 'हात' या शब्दात जे झाकलेले होते ते उघडे पडले आणि लबाडीच्या प्रकरणात नोंदले गेले. आता ज्याच्या मुठीत आर सापडते तो एकाच वेळी दोघांचा अपराधी ठरतो: बैलाला टोचले म्हणून कायद्याचा आणि इतरांनी टोचले नसताना टोचले म्हणून प्रतिस्पर्ध्याचा. दोन निराळ्या जातींचे दोष असे एकमेकांत विरघळले. आज पटावर 'आर होती की नव्हती' हा वाद पूर्वीपेक्षा तीव्र आहे, तो याचमुळे. बैलाविषयीचा कळवळा एकाएकी वाढला असे आम्ही म्हणणार नाही. पण कळवळ्याला भांडणात जागा मिळाली. आपला बैल न टोचता पळतो, ही आता फुशारकीची बाब आहे. ती खोटी असेल तेव्हाही, पूर्वी कुणाला अशी फुशारकी मारावीशी वाटली नसती.

म्हाताऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्याच्या काळी पटाचा बैल हा नांगराचाही बैल होता. आर शेतातही होती, गाडीवरही होती, पटावर ती वेगळी आणावी लागत नव्हती. बांधीत चिखलणीला ट्रॅक्टर आला तसा बैल शेतातून गेला, आणि पटाचा बैल हा केवळ पटाचा उरला: खुराक वेगळा, किंमत वेगळी, मालकाचा मान वेगळा. ज्या कष्टाच्या नात्याच्या आधारे तो जुना युक्तिवाद उभा होता, ते नातेच मोडले. म्हातारा ज्या आरीचे समर्थन करतो ती आर आणि आज मुठीत लपवली जाते ती आर, या एक नव्हेत. लपवावी लागते, एवढ्यानेच ती दुसरी झाली.

झाडीपट्टीत दिवसाचा पट आणि रात्रीचे नाटक यांची सांगड जुनी आहे. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या हंगामभर गावोगाव फिरतात आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतात. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राचे लक्ष इकडे थोडे वळले. बंदीच्या वर्षांत पट थांबले, नाटके थांबली नाहीत. त्यामुळे ज्या गावांत पटाच्या निमित्ताने नाटक येई, त्या गावांत नाटक उरले आणि निमित्त गेले. या नाटकांतील खलनायकाला शिक्षा झाल्यावाचून प्रेक्षक उठत नाही. दुपारी आपल्या गावच्या धुरकऱ्यासाठी वाटेल ते समर्थन करणारा माणूस रात्री त्याच मंडपात खोटे खत करणाऱ्या सावकाराला शिव्या घालतो. आम्ही याला दांभिकता म्हणत नाही. दुपारी तो कृष्ण असतो, रात्री बलराम.

पट सुटल्यावर धूळ बसायला बराच वेळ लागतो. तोवर कुणीतरी मोबाइलवरचे चित्रण मागेपुढे करून दाखवत असतो; मूठ दिसते, मुठीतले दिसत नाही. बैल छकड्यापासून सोडलेले असतात आणि मालक त्यांच्या पाठीवर ओले फडके फिरवत असतो. दोन्ही पक्षांची माणसे भांडत भांडत मंडपाकडे सरकतात, एकाच ताडपत्रीवर जागा धरतात, आणि आर होती की नव्हती हे बोलणे तिसऱ्या घंटेपर्यंत चालू राहते.