चिठ्ठी आणि लेखणी

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सीताबर्डीच्या बाजारात आपण चालत नाही. गर्दीच आपल्याला चालविते. पणत्या, रांगोळीचे रंग आणि आकाशकंदील यांच्यातून वाट काढीत मी झाशी राणी चौकात येते आणि विदर्भ साहित्य संघाच्या वास्तूकडे पाहत क्षणभर थांबते. डोक्यावरून आता मेट्रो धावते. मला मात्र दर वेळी वीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवते.

त्या संध्याकाळी मी याच चौकातून एका नामांकित साहित्यिकांच्या घरी गेले होते. एका हातात पहिल्या कादंबरीचे बाड, दुसऱ्या हातात आमच्या ओळखीच्या एका वजनदार गृहस्थांची चिठ्ठी. माझे शिक्षण मॅट्रिकचे, नोकरी एका लहानशा शाळेत बालवर्गाला शिकविण्याची. मोठ्यांची ओळख झाली, की साहित्याचे दार आपोआप उघडते, अशी माझी भाबडी समजूत! त्यांनी चिठ्ठी वाचली, चिठ्ठी देणाऱ्यांची प्रकृती विचारली आणि मला चहा दिला. तीन महिन्यांनी बाड परत आले. मी बांधलेल्या सुतळीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

राग आला, रडूही आले. तो राग निवळला, तो ग. त्र्यं. माडखोलकर कसे घडले, हे वाचल्यावर.

माडखोलकरांचे नाव नागपूरकरांना नव्याने सांगावयास नको. पण पत्रकार, कादंबरीकार आणि टीकाकार म्हणून गाजलेला हा माणूस मॅट्रिकची परीक्षा पार करू शकला नव्हता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गणिताने त्यांची वाट अडविली. पदवी नाही, तेव्हा प्रतिष्ठितांच्या पंगतीत पाट कोण मांडणार? पण त्यांनी संस्कृत, इंग्रजी आणि मराठी साहित्याचे कसून वाचन केले, आणि पुण्यात न. चिं. ऊर्फ तात्यासाहेब केळकर यांच्याकडे काही काळ लेखनिकाचे काम केले.

लेखनिक म्हणजे काय, ते पाहा. दुसरा सांगणार, आपण लिहावयाचे. वर नाव त्याचे, बोटे दुखणार आपली. पण ‘केसरी’चे संपादकपद सांभाळणारा माणूस वाक्य कसे जुळवितो, कोणता शब्द खोडतो, प्रतिपक्षाला उत्तर देताना कोठे थांबतो, हे पाहण्याची याहून जवळची जागा कोणती? मी मोठ्या माणसाच्या दिवाणखान्यात पाऊण तास बसून आले. माडखोलकर मोठ्या माणसाच्या कामात जाऊन बसले. दोहोंतला फरक मला फार उशिरा कळला.

त्या कष्टाचे फळ लवकरच दिसले. १९२१ साली, ऐन विशीत, त्यांचा ‘आधुनिक कविपंचक’ हा टीकाग्रंथ निघाला. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले, त्यात माधव जूलियनांसारख्या प्राध्यापकाबरोबर हा मॅट्रिक न झालेला तरुणही होता. तेथे कोणी त्यांची चिठ्ठी मागितली नसेल; त्यांचे लेखन हीच त्यांची चिठ्ठी.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तात्यासाहेब टिळकांच्या परंपरेतले. पण पुढे माडखोलकरांनी नोकरी धरली, ती नेमस्तांच्या ‘ज्ञानप्रकाशा’त! गुरूकडून विद्या घ्यावी. त्याच्या अंगणात जन्मभर खुंटीला बांधून घेऊ नये. मोठ्यांचा स्नेह जोडताना पाठीचा कणा मोडावा लागत असेल, तर तो स्नेह नव्हे, ते ओझे होय.

१९२४ साली ते नागपुरास आले आणि गोपाळराव ओगल्यांच्या ‘महाराष्ट्र’ पत्रात रुजू झाले. त्या पत्रात त्यांनी तब्बल 20 वर्षे काढली. ‘मुक्तात्मा’ आणि ‘भंगलेले देऊळ’ या कादंबऱ्या याच काळातल्या. वर्तमानपत्राचे दळण दळून उरलेल्या वेळात लिहिलेल्या! १९४४ साली ‘तरुण भारत’ दैनिक निघाले आणि १९६७ पर्यंत त्याचे संपादकपद त्यांच्याकडे राहिले. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव त्याच संमेलनातला.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत त्यांचे घर जळाले. माणसाने जमविलेले असे एका दिवसात जाते. हातात मुरलेली विद्या मात्र जात नाही. त्या आगीतून त्यांनी ‘एका निर्वासिताची कहाणी’ हे पुस्तक लिहिले.

आता उमेदवारांनी ज्याच्या दाराशी यावे, असे ते स्वतःच झाले होते. विदर्भातल्या कित्येक नव्या लेखकांना त्यांच्या पत्राने जागा दिली. तात्यासाहेबांचे ऋण तात्यासाहेबांनाच फेडता येत नाही; ते मागून येणाऱ्याच्या पदरात घालावे लागते.

हे कळल्यावर मी चिठ्ठ्या गोळा करणे सोडले. सीताबर्डीतल्या एका छापखान्यात शाळा सुटल्यावर मुद्रिते तपासू लागले. तेथले म्हातारे मुद्रितशोधक पहिल्याच दिवशी म्हणाले, “बाई, आधी दुसऱ्याच्या चुका प्रेमाने काढा, मग स्वतःच्या दिसू लागतील.” तेथेच लेखक भेटले, संपादक भेटले, ओळख मागावी लागली नाही. दोन वर्षांनी मी जुन्या बाडाची ती गाठ स्वतःच सोडली. चाळीस पाने वाचली आणि बाड बाजूला ठेवले. ते न वाचणाऱ्या गृहस्थांचे माझ्यावर उपकारच झाले होते! मग ती कादंबरी मी पहिल्यापासून पुन्हा लिहिली, आणि ती छापली गेली.

गेल्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी वही घेऊन आली. म्हणाली, “बाई, कोणा संपादकांना माझ्यासाठी एक चिठ्ठी द्याल का?” मी चिठ्ठी दिली नाही. तिच्यापुढे चिवड्याची बशी ठेवली, माझ्या नव्या कादंबरीची मुद्रिते ठेवली आणि लाल शाईचे पेन दिले. मग तिची वही उघडून मी वाचावयास बसले.

पाहते तो, तिने माझ्या पहिल्याच पानावर तीन चुका काढल्या होत्या.