लेण्यांतील दानलेख आणि संशोधनाचे दातृत्व

पिंपरी-चिंचवड आणि चाकण ही नावे उच्चारली की डोळ्यांसमोर उभे राहतात ते कारखाने, मालमोटारींच्या रांगा आणि पाळ्यांच्या वेळा. परंतु ह्या परिसरातून जाणाऱ्या दोन वाटा कारखान्यांहून फार जुन्या आहेत. एक वाट तळेगाव-कामशेतवरून कार्ल्याकडे आणि पुढे बोरघाटाकडे जाते. दुसरी चाकण-राजगुरुनगरवरून जुन्नरला पोहोचते आणि तेथून नाणेघाटाने कल्याण बंदराच्या दिशेने उतरते. सातवाहन काळात दख्खनचा माल ह्याच घाटांनी समुद्राकडे जात असे आणि परदेशी माल ह्याच घाटांनी वर येत असे. ह्या दळणवळणाचे सर्वांत बोलके पुरावे म्हणजे वाटेवरील लेण्यांतील दानलेख.

कार्ल्याचा भव्य चैत्य कोणा एकाच्या पैशाने झालेला नाही. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल ह्याच्या नावाचा लेख तेथे आहे. खांबाखांबांवर मात्र निरनिराळ्या दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकट येथील यवनही आहेत. जुन्नर परिसरातील लेण्यांत तीन यवन दाते आढळतात. इरिल ह्याने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिट ह्याने भोजनमंडप दिला आणि चंद ह्याने दर्शनी भाग करवून दिला. कामशेतजवळील पाले येथील लेण्यात अरिहंतांना वंदन करून सुरू होणारा ब्राह्मी लेख आहे. भदंत इंद्ररक्षिताने लेणे आणि पोढी करविल्याचे तो सांगतो. हा लेख डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले ह्यांनी अभ्यासून प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील जैन परंपरेच्या प्राचीनतम लेखांत त्याची गणना होते.

ह्या दानलेखांतील नेमकेपणा लक्षात घेण्याजोगा आहे. कोणी दिले, कोठल्या गावच्या माणसाने दिले आणि काय दिले, एवढेच त्यांत असते. खांब दिला तर खांब, पोढी दिली तर पोढी. पण तेवढ्या नोंदीवरून आज आपण दोन सहस्रकांपूर्वीचे दूरदूरचे संबंध जोडू शकतो. तरीही हे ‘यवन’ थेट ग्रीस-रोमहून आले होते की पिढ्यान्‌पिढ्या येथे स्थिरावलेले होते, हे केवळ शब्दावरून ठरत नाही. कार्ल्याच्या एका यवनाचे नाव सिहधय असे पूर्ण भारतीय वळणाचे आहे. अशा प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी संशोधन लागते आणि संशोधनाला द्रव्य लागते.

ह्या बाबतीत एक उदाहरण आपल्या परिसराला जवळचे वाटेल. ज्या टाटा घराण्याच्या नावाचा मोटार कारखाना १९६६ पासून पिंपरी-चिंचवडच्या उद्योगजीवनाचा आधार झाला, त्याच घराण्यातील जमशेटजींचे धाकटे पुत्र सर रतन टाटा (१८७१-१९१८) ह्यांनी पाटलिपुत्राच्या उत्खननासाठी निधी दिला. १९१३ ते १९१७ ह्या काळात ही रक्कम सुमारे ७५,००० रुपये झाली. पुरातत्त्व खात्याचे डॉ. डी. बी. स्पूनर ह्यांनी कुम्राहार येथे मौर्यकालीन स्तंभयुक्त सभामंडपाचे अवशेष उजेडात आणले. इराणमधील पर्सेपोलिसच्या राजवाड्याशी त्याचे साम्य त्यांना जाणवले. हा विचार चिंतनीय होता, परंतु स्पूनर तेथे थांबले नाहीत. १९१५ साली त्यांनी भारतीय इतिहासात एक ‘झरथुष्ट्री कालखंड’च मांडला आणि मौर्यांनाही इराणी ठरविले. इतर विद्वानांनी ह्या मताचे खंडन केले आणि ते मागे पडले. सभामंडप मात्र टिकला. पुढे १९५१ ते १९५५ ह्या काळात महाराष्ट्राचे सुपुत्र डॉ. अनंत सदाशिव अळतेकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे पुन्हा उत्खनन झाले आणि ऐंशी खांबांचा आराखडा स्पष्ट झाला.

ह्यातून दात्याने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. निधी प्रश्नासाठी द्यावा, उत्तरासाठी देऊ नये. अभ्यासकाचे मत चुकले तरी काळजीपूर्वक नोंदविलेला पुरावा पुढच्या पिढीच्या कामी येतो. पश्चिम भारतातील अनेक स्थळांवर मिळालेल्या खापरांना अभ्यासक दीर्घकाळ रोमन मद्यकुंभांचे तुकडे समजत. अलीकडच्या काळात त्यांतील बरीचशी इराणी आखाताच्या परिसरातील कुंभांची निघाली. खापरे जपून ठेवलेली होती, म्हणूनच ही दुरुस्ती शक्य झाली. एक संबंध क्षीण झाला, पण दुसरा उजळला.

सर्वच दाते टाटांएवढे धनाढ्य नसतात. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातील ‘तगर’. तेथील व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी गावात सापडणाऱ्या प्राचीन वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि त्यांच्या नावाचे संग्रहालय आज तेथे उभे आहे. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली मिळालेली भारतीय हस्तिदंती मूर्ती ह्यांतील साम्य जगभरच्या अभ्यासकांनी चर्चिले आहे. पॉम्पेई नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच समुद्रापार पोहोचली होती.

ग्रंथप्रकाशन हेही असेच दान आहे. संघदासगणींच्या ‘वसुदेवहिंडी’ ह्या प्राकृत ग्रंथात चारुदत्त श्रेष्ठीची चीनस्थान, सुवर्णभूमी आणि यवनद्वीपापर्यंतची सागरयात्रा आली आहे. मुनी चतुरविजयजी आणि मुनी पुण्यविजयजी ह्यांनी संपादिलेला हा ग्रंथ भावनगरच्या जैन आत्मानंद सभेने १९३०-३१ मध्ये प्रकाशित केला. कथेतील समुद्र इतिहासाच्या अभ्यासकांना उपलब्ध झाला, तो समाजाच्या पैशातून.

आज साधने वाढली आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते आणि त्या कार्यांच्या यादीत राष्ट्रीय वारशाच्या जतनाचा समावेश आहे. उत्खननाला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो, ते काम विद्यापीठांचे व मान्य संस्थांचे. परंतु शिलालेखांचे ठसे व छायाचित्रे, खापरांचे रासायनिक पृथक्करण, पोथ्यांचे सूचीकरण आणि प्राकृत शिकणाऱ्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती ह्या गोष्टी एखाद्या मध्यम उद्योजकाच्याही आवाक्यातील आहेत. डेक्कन कॉलेज आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर ह्या संस्था आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत.

इमारतीवर दात्याचे नाव दिसते, पृथक्करणाच्या अहवालावर ते क्वचितच कोणाच्या नजरेस पडते. म्हणून ह्या दानाकडे हात लवकर वळत नाही. मात्र नव्या रस्त्यांसाठी आणि वसाहतींसाठी जमीन सपाट होते, तेव्हा नोंद न झालेला पुरावा कायमचा नाहीसा होतो आणि नंतर कितीही द्रव्य दिले तरी तो परत मिळत नाही. इरिलाने दोन पोढी दिल्या, तेव्हा त्याने तहानेचा विचार केला असेल. ज्ञानाच्या तहानेसाठी तशीच एखादी पोढी खोदून देणे आपल्या पिढीलाही शक्य आहे.