दिनविशेष : १९ एप्रिल – शाळेच्या वाटेवरचा हक्क

१९ एप्रिल २०१७ रोजी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अमलात आला आणि १९९५ चा कायदा रद्द झाला. मान्य दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के प्रमाणित दिव्यांगत्व, असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क कलम ३१ ने दिला.

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर तालुक्यांत मात्र कलम १६ मधील एक छोटी तरतूद अधिक मोलाची ठरते. समावेशित शिक्षणासाठी, म्हणजे दिव्यांग मुलाने इतरांसोबत एकाच वर्गात शिकावे यासाठी, त्याच्या आणि अधिक आधाराची गरज असल्यास सोबत्याच्याही प्रवासाची सोय शाळांनी करावी, असे ते कलम सांगते. माथेरानच्या उतारांवरील ठाकूर-कातकरी आदिवासी वाड्यांतून पुढच्या इयत्तांची वाट पुष्कळदा निसरड्या पायवाटेने खाली उतरते. जे मूल त्या वाटेने चालूच शकत नाही, त्याला शाळेच्या दारातील उताराचा, म्हणजे रॅम्पचा, कितीसा उपयोग होणार? कलम १७ दर ५ वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करून दिव्यांग मुले शोधण्यास सांगते, आणि ही बाब आजही निकडीची आहे, कारण पावसाळा सरल्यावर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि त्या महिन्यांत वाडीवर झालेल्या मोजणीतून नेमकी त्यांचीच मुले सुटू शकतात.