दोन खुंट्या आणि एक दोरी

लंबदुभाजक म्हटलं की आपल्या सगळ्यांना कंपासपेटी आठवते. रेषाखंडाच्या निम्म्याहून जास्त अंतर घ्या, दोन्ही टोकांवरून वर-खाली कंस काढा, छेदनबिंदू जोडा. पण निम्म्याहून जास्तच का? आम्ही शाळेत विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘पुस्तकात लिहिलंय म्हणून.’ खरं उत्तर आम्हाला पुष्कळ वर्षांनी कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सापडलं.

शुल्ब म्हणजे दोरी. वेदी आखायची तर आधी दिशा हव्यात. सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे काठी, उभी करायची. काठीएवढ्या दोरीनं तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे एक खुंटी, दुपारनंतर शिवेल तिथे दुसरी. ही झाली पूर्व-पश्चिम. मग खुंट्यांमधल्या अंतराच्या दुप्पट दोरी घ्यायची, टोकांचे फास खुंट्यांत अडकवायचे आणि दोरीचा मध्य धरून दक्षिणेकडे ताणायची. तिथे खूण. तसंच उत्तरेकडे. दोन खुणा जोडल्या की दक्षिणोत्तर रेषा, म्हणजेच लंबदुभाजक.

आता समजा, दोरी नेमकी अंतराएवढीच घेतली. ती दोन खुंट्यांत ताठ बसेल, बाजूला ओढताच येणार नाही. मध्य मिळेल, दिशा मिळणार नाही. कंपासमधलं ते ‘निम्म्याहून जास्त’ म्हणजे दोरीतली ही सैल!

युक्लिडनं इ.स.पू. 300 च्या सुमारास रेषाखंडावर समभुज त्रिकोण उभारून शिरोकोन दुभागला. दुप्पट दोरी ताणल्यावर त्रिकोण तोच होतो. युक्लिड ‘का’ सांगतो, आपल्याकडे नुसतं ‘कसं’, असं आम्हीही वर्गात ठोकून द्यायचो. आता तितकी खात्री वाटत नाही. काठीचं बूड दोन्ही खुंट्यांपासून सारख्याच अंतरावर आहे. तेव्हा रेषा त्यातून गेलीच पाहिजे. नाही गेली तर कुठेतरी चुकलं. हा ताळा दोरी ओढणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच होता.

सूर्यसिद्धान्तात हीच रेषा ‘माशा’नं काढली आहे: दोन कंस एकमेकांना छेदले की माशासारखा आकार होतो, त्याचं तोंड आणि शेपूट जोडायचं. पुढे भास्कराचार्यांनी (जन्म 1114, यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या शेजारी, चाळीसगावजवळच्या पाटणला आहे) सिद्धान्तशिरोमणीत वेगळीच अडचण हाताळली. सकाळपासून दुपारपर्यंत सूर्य स्वतःच किंचित उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो. म्हणजे भूमिती बिनचूक, पण खुंटीच जराशी चुकीच्या जागी! त्यासाठी त्यांनी दुरुस्ती दिली.

ही चूक मार्च आणि सप्टेंबरात सर्वांत मोठी, जून आणि डिसेंबरच्या अखेरीस जवळजवळ शून्य. नाशिकला जूनमध्ये ढग, तेव्हा डिसेंबरात करून बघा. फक्त वर्तुळ काठीच्या दीडपट घ्या. त्या दिवसांत इथे भर मध्यान्हीही सावली जवळजवळ काठीएवढीच असते, आणि लहान वर्तुळात दोन्ही खुंट्या एकमेकींना चिकटतील.