गेंडा वाचवायला किती पगार लागतो?

आज आपण जातोय आफ्रिकेत, झांबियातल्या लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात. विषय गेंड्यांचा आहे, पण गोष्ट खरं तर पगाराची आहे.

1970 च्या सुरुवातीला या खोऱ्यात काळे गेंडे हजारोंनी होते. 1972 मध्ये इथं नॅशनल पार्क जाहीर झाले. त्यातल्या एकट्या साउथ लुआंग्वाचा पसारा सुमारे 9,050 चौरस किलोमीटर. म्हणजे शहर आणि उपनगरं धरून जवळजवळ पंधरा मुंबया! आणि राखायला? मूठभर वनरक्षक.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. आखाती तेलाचा पैसा येमेनपर्यंत पोचला आणि खंजिराच्या मुठीसाठी गेंड्याच्या शिंगाला मागणी वाढली. दुसरीकडे 1975 च्या आसपास तांब्याचा भाव कोसळला. झांबियाची निर्यातीची नव्वद टक्क्यांहून जास्त कमाई तांब्यावर होती. सरकारी तिजोरीच आटली. कागदावर वनरक्षक होते, पण गस्तीला गाडी, डिझेल, शिधा यांचे वांधे. समोर मात्र रायफली घेतलेल्या टोळ्या.

आता मुद्द्याचा प्रश्न. राखणीला नक्की किती पैसा पुरतो? नायजेल लीडर-विल्यम्स आणि स्टीव्ह अल्बन या दोन संशोधकांनी 1988 मध्ये 'नेचर'मध्ये याचा हिशोब मांडला. आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांत खर्च किती होतो आणि गेंडे किती घटतात, हे त्यांनी शेजारी ठेवून पाहिलं. उत्तर आलं, दर चौरस किलोमीटरला वर्षाला साधारण 200 डॉलर. तेव्हाच्या या दरानं एकट्या साउथ लुआंग्वाला वर्षाला 18 लाख डॉलर लागले असते. तांबं पडलेल्या देशानं ते आणायचे कुठून?

इथं एक गंमत आहे, जरा कडवट. निम्मा खर्च केला म्हणून निम्मे गेंडे वाचत नाहीत. घट फक्त हळू होते, थांबत नाही. आणि घट थांबली नाही की शेवटी उरतं शून्य. म्हणून थोडा पैसा सगळीकडे शिंपडण्यापेक्षा लहान भाग नीट राखलेला बरा.

मग शिक्षा कडक केली तर? लीडर-विल्यम्स यांनी ई. जे. मिलनर-गलंड यांच्यासोबत 1992 मध्ये लुआंग्वाचंच गणित मांडलं. निष्कर्ष असा की शिक्षा किती मोठी, यापेक्षा पकडले जाण्याची शक्यता किती, याची भीती जास्त. आपल्या सिग्नलसारखंच की! दंडाची रक्कम कुणाला आठवते? चौकात हवालदार उभा आहे का, तेवढं आपण बघतो. पण कायद्यातली शिक्षा एका दुरुस्तीत वाढते. पकडायला मात्र रोजची गस्त लागते, आणि गस्तीला रोजचा पैसा.

1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात झांबियानं आणखी एक वाट धरली. शिकारी सफारीच्या शुल्कातला वाटा गावांना द्यायचा आणि गावातलीच पोरं राखणीला नेमायची. कल्पना चांगली होती, कारण ज्याला जंगल माहीत, त्यालाच पगार. पण शिंगासाठी लांबून येणाऱ्या टोळीला गावातल्या नोकरीशी काय देणंघेणं? तिला अडवायला पुन्हा गस्तच हवी.

1998 मध्ये झांबियातून काळा गेंडा नामशेष झाल्याचं जाहीर झालं. 2003 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून पाच गेंडे आणून नॉर्थ लुआंग्वात सोडले. त्यांच्यामागे फ्रँकफर्ट झूलॉजिकल सोसायटी ही परदेशी संस्था उभी होती, आणि पहिल्या दिवसापासून कडक पहारा. आज तिथं पुन्हा पिल्लं जन्मतात.

पण गेंड्याची मादी पिल्लू पोटात वाढवते साधारण पंधरा महिने. पगार मात्र लागतो दर महिन्याला. म्हणून पुढच्या वेळी कुणी 'वन्यजीव वाचवा' म्हणून देणगी मागितली, तर एकच विचारा: यातून गस्तीवरच्या माणसाचा पगार किती वर्षं निघणार आहे?