ओळखीचा पहिला शब्द

यवतमाळ जिल्ह्यात नवखा माणूस दारी आला की प्रथम पाण्याचा तांब्या पुढे येतो, मग विचारणा होते, "पाहुणे कुठले?" नाव त्याच्याही नंतर. परंतु या सर्वांआधी अभिवादनाचा एक शब्द उच्चारला जातो, आणि जाणत्याला त्यावरूनच निम्मी ओळख पटते. "जय सेवा" म्हणणारा गोंड, "जय सेवालाल" म्हणणारा बंजारा, "दंडवत" म्हणणारा महानुभाव, "जय गुरू" म्हणणारा तुकडोजी महाराजांच्या परंपरेतला. "रामराम" तर सर्वांचाच.

या शब्दांमागे इतिहास आहे. महाराने वतनदाराला "जोहार" करावा अशी जुनी रीत होती. खालच्याने वरच्यास करावयाचे ते वंदन. (चोखोबांनी तोच जोहार विठ्ठलाच्या दारी नेला, ही गोष्ट निराळी.) त्या जोहाराची जागा "जय भीम"ने घेतली. तो रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास (१९०४-१९३९) यांना दिले जाते. १९३७ साली ते मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले होते, आणि आपला जिल्हा त्या वऱ्हाडातलाच. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मदीक्षेनंतर हा शब्द घरोघर पोहोचला. त्याचे उत्तर त्याच शब्दाने द्यावयाचे असते. म्हणणारा आणि ऐकणारा एकाच पायरीवर उभे राहतात.

आपल्या परंपरेतही पहिल्या शब्दाला मोल आहे. घरात शिरताच शांती चिंतावी, असे प्रभूने शिष्यांना सांगितल्याचे लूक लिहितो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात संत पौल प्रथम फिबी या भगिनीची ओळख करून देतो आणि मग एकेकाचे नाव घेऊन सलाम कळवितो. भारतात मिस्सातील शांतिचिन्ह हात जोडून देण्यास रोमने १९६९ साली मान्यता दिली.

सेमिनरीत आम्ही हे सारे शिकलो, जोहाराचा इतिहास मात्र शिकलो नाही. या जिल्ह्यात नवे असताना एका वृद्धाने आम्हांस "जय भीम" घातला. आम्ही संकोचून नुसती मान हलविली. पाणी मिळाले, बोलणे झाले नाही. पुढे पुष्कळ दिवसांनी त्याच दारी पुन्हा जाणे झाले. या खेपेस आम्हीच आधी "जय भीम" म्हटले. म्हाताऱ्याने क्षणभर पाहिले, मग भिंतीशी उभी केलेली बाज अंगणात टाकली.

"बसा जी," तो म्हणाला, "गाव कोन्तं तुमचं?"